सात नंबर

पोलोग्राउंडच्या कंट्रोल रूममध्ये
माझी पहिली दोन वर्षं 'हो, हो' म्हणण्यात गेली.
समोरच्याचं वाक्य संपायच्या आत
माझं उत्तर तयार असायचं,
दुकानदाराच्या हातात आधीच मोजलेले सुट्टे असावेत तसं.
चटपटीत मुलगी, साहेब म्हणायचे.
मलाही ते पटायचं.

मग तो एप्रिल. दुपारचे अडीच.
मूसाखेडीत खांबाखाली थावरसिंग डामोर,
फोनमध्ये त्याचा आवाज, अर्धा वाऱ्याने नेलेला.
तो म्हणाला सात नंबर.
मी ऐकलं चार.
खरं सांगायचं तर ऐकलंच नाही,
सकाळपासून चारचंच चाललं होतं, म्हणून चार.
'हो, हो, बंद केला.'

तो लगेच चढला नाही, एवढीच माझी पुण्याई.
जुना माणूस. आधी अर्थिंगची साखळी टाकून पाहिली त्याने.
जो आवाज झाला, तो तीन इमलीपर्यंत गेला म्हणतात.
माझ्यापर्यंत गेला नाही.
माझ्या बोर्डावर फक्त एक लाल दिवा लागला, लहानसा.

संध्याकाळी तो आला. हातमोजे टेबलावर ठेवले.
मी ओरडा खायची तयारी करून बसले होते,
त्याचीही उत्तरं तयार होती माझ्याकडे.
तो एवढंच म्हणाला,
'मैडम, मेरी बात मुझे वापस सुनाया करो.
हाँ मत बोलो. हाँ तो कोई भी बोल देता है.'

सात नंबर बंद.
सात नंबर बंद.
माणूस चढतोय.
माणूस चढतोय.
पहिले काही दिवस बावळट वाटलं, पोपटासारखं.
पण मोजलं तेव्हा कळलं,
तेवढ्या सेकंदात माझ्या डोक्यातलं माझं वाक्य
मागच्या बाकावर जाऊन बसायचं,
आणि त्याच्या वाक्याला जागा व्हायची.

पुढे सक्सेना ड्युटी-चार्ट नाचवत आला, भांडायलाच.
मी म्हटलं, 'तुम्हाला लागोपाठ तीन रविवार लागलेत.'
भांडण मिटलं नाही.
पण तो खुर्चीत बसला.

एवढं शिकायला दोन वर्षं.
ते सुदामानगरपर्यंत न्यायला आणखी नऊ.

श्रीरंग सांवेर रोडच्या नमकीन फॅक्टरीत हिशेब बघतो.
कधीकधी सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतो,
आज जावंसं वाटत नाही.
यावर माझी उत्तरं ठरलेली:
रजा टाक. डॉक्टरला दाखव. सगळ्यांनाच वाटतं तसं.
तिन्ही चांगली.
तिन्ही चार नंबरची.

त्या दिवशी का कोण जाणे,
पोळी तव्यावर होती, मी वळून फक्त म्हटलं,
'तुला आज जावंसं वाटत नाही.'

त्याने वर पाहिलं. नाडी हातातच.
गल्लीतून कचऱ्याची गाडी चालली होती,
तिचं गाणं कोपऱ्यावर वळून विरेपर्यंत
आम्ही दोघं तसेच.
मग तो नाडीलाच सांगितल्यासारखं म्हणाला,
'डब्याला एकटाच बसतो मी तिथे. दिवाळीपासून.'

'दिवाळीपासून,' मी म्हटलं.
जुलै चालू होता.
पोळी करपली.

त्यानंतर काही मोठं घडलं नाही.
तो तासभर उशिरा गेला, पण गेला.
रात्री अंथरूण घालताना त्याने विचारलं, तुझं काय चाललंय?
मी सांगू लागले. प्रमोशन, बदलीची भीती,
आणि ती ठिणगी, जी मी कुणालाच सांगितली नव्हती.
तो उशीचा अभ्रा चढवत म्हणाला, 'हो, हो.'

मी थांबले.
'परत सांग. मी काय म्हटलं?'
त्याने डोळे मिटून, परीक्षेला बसल्यासारखं, सांगितलं.
निम्मं चुकलं.
मी हसले, तो हसला,
आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली,
सावकाश,
खांबावर माणूस असल्यासारखी.